दोघांनीच घर बांधायचं म्हणतोय, भिंती आम्हाला जमतील का?

दोरीओळंबा (१८ जानेवारी, रात्री १०:१२)

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय. गड्ड्यावरून (सिद्धेश्वराच्या जत्रेतून) आत्ताच आलोय, पाय दुखतायत, पण डोक्यात घरच चाललंय म्हणून लिहूनच टाकते.

सोलापूरच्या विजापूर रोडला, हद्दीच्या बाहेर, आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात फिटर, मी एका पतसंस्थेत. ठेकेदाराला दिलं तर पंधरा वर्षं हप्ते फेडत बसायचं. म्हणून ठरवलं की जेवढं हाताने होईल तेवढं हातानेच करायचं.

खोदाई जेसीबीने केली. साडेचार फूट काळी माती निघाली, मग मुरूम लागला. त्यावर काळ्या दगडाचा पाया आणि वर प्लिंथ बीम (जोत्याचा काँक्रीटचा पट्टा), एवढं एका मिस्त्रीकडून करून घेतलं. जोत्यात मुरूम भरणं मात्र आमचं. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुमस. चार रविवार आणि नवऱ्याची एक पाठ गेली.

आता भिंती. घर २० बाय ३०. खांब नाहीत, स्लॅब भिंतींवरच बसणार. इंजिनिअरचा नकाशा आहे. मिस्त्रीने विचारलं, "गवंडी कोण लावताय?" नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मिस्त्री इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "वैनी, तुम्ही घमेलं उचला, थापी आमच्याकडं राहू द्या."

आता खरं सांगते. भरलेलं घमेलं मला उचलत नाही, नवऱ्याला उचलतं. आणि थापी त्याच्या हातात वळत नाही, माझ्या वळते. जोत्याशेजारी सरावाला चार फुटांची भिंत बांधून बघितली. तीनदा पाडली, चौथ्यांदा ओळंब्यात आली. म्हणून विचारतेय: भिंती आम्ही दोघं उभ्या करू शकू का? विटा कुठल्या घ्याव्या? आणि स्लॅबही जमेल का?

---

कडक_भाकरी

पहिला!

काय करलालाव ओ ताई तुम्ही. इथं मला खिळा ठोकायला सांगितलं तर शेजारचा येतो आवाज ऐकून, "द्या इकडं" म्हणायला. शेंगा घेऊन बसलोय, येऊ द्या.

---

चादरवाला

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हौस वेगळी, घर वेगळं. माझ्या मेव्हण्याने होटगी रोडला असंच "स्वतः लक्ष घालून" बांधलं. दुसऱ्या पावसाळ्यात कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तडा, माझं बोट आत जातं. उन्हाळ्यात तो तडा वाढतो, पावसाळ्यात कमी होतो. घर श्वास घेतंय म्हणतो आम्ही. गवंड्याची हजेरी वाचवायला गेला, आता दरवर्षी पुट्टी भरतो. ज्याचं काम त्याने करावं.

---

सिव्हिलकाका

चादरवाला, तुमच्या मेव्हण्याच्या पायाची खोली विचारा. पैजेवर सांगतो, काळ्या मातीतच थांबलाय. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, आणि वरचं घर हलवते. तडा उन्हाळ्यात वाढतो म्हणालात तिथेच निदान झालं. त्या घरावर सोलापुरातला सगळ्यात महाग गवंडी लावला असता तरी तडा गेलाच असता. दोरीओळंबा ताईंनी काळी माती काढून मुरमावर पाया घेतला आहे, म्हणजे अर्धी लढाई तिथेच संपली.

आता ताई, तुमच्याकडे वळतो. पस्तीस वर्षं साइटवर गेली, म्हणून जरा लांबण लागेल.

भिंती जमतील. वीटकामात ताकदीपेक्षा चिकाटी लागते. फक्त घाई करायची नाही. कसलेल्या गवंड्यानेही एका दिवसात पाच फुटांच्या वर भिंत चढवू नये, खालचा माल ओला असतो. तुम्ही तीन फुटांवर थांबा. सगळं घर एकदम वर घ्या. एक भिंत छातीपर्यंत आणि शेजारची गुडघ्यापर्यंत असं नको. थांबावंच लागलं तर टोक पायऱ्या-पायऱ्यांचं सोडा, म्हणजे पुढचं काम त्यात गुंतेल. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, हे तुम्हाला कळलंच असेल, तीनदा पाडलीत म्हणजे.

नऊ इंची भिंतीला माल (सिमेंटास वाळू) एकास सहा, साडेचार इंचीला एकास चार. माल थोडा थोडाच कालवा. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा तासाभरापूर्वीचा माल पुन्हा पाणी घालून मऊ करून वापरणं म्हणजे भिंतीत राख भरणं.

वीट: लाल वीट घेतलीत तर दोन विटा एकमेकींवर आपटून बघा, खणखणीत वाजली पाहिजे. नखाने ओरखडा उठता कामा नये. कमरेच्या वरून टाकली तर फुटू नये. आणि वापरण्याआधी भिजवायची, नाहीतर ती मालातलं पाणी पिऊन टाकते. पण नवशिक्याला मी फ्लाय ॲशची वीट घे म्हणेन. फताटेवाडीचं एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं कोळशाचं वीजकेंद्र आपल्या उशालाच आहे, राखेला तोटा नाही. ही वीट साच्यातली, सगळ्या एका मापाच्या, म्हणून थर आपोआप सरळ येतो. लाल विटेत एक फुगीर, एक वाकडी, ते जुळवायला हात बसावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं: प्लिंथ बीम टाकताना कोपऱ्यांत उभ्या सळया सोडल्या आहेत का?

स्लॅबचं नंतर लिहितो, जेवायला बोलावतायत.

---

दोरीओळंबा

काका, खूप आभार. हो, प्रत्येक कोपऱ्यात आणि भिंत भिंतीला मिळते तिथे १२ एमएमची एकेक सळई आहे. मिस्त्री "कशाला पाहिजे" म्हणत होता, इंजिनिअरने नकाशात लाल पेनाने गोल केला होता म्हणून घातली.

---

मंगळवारपेठ

एनए (बिगरशेती) आहे ना नक्की? की गुंठेवारी? आधी सातबारा बघा, मग वीट बघा.

---

दोरीओळंबा

एनए आहे. पतसंस्थेत रोज दुसऱ्यांचे उतारेच बघते, स्वतःचा बघणार नाही होय :)

---

भीमाकाठ

धागा वाचून आमचं मंगळवेढ्याकडचं जुनं घर आठवलं. माळवदाचं होतं. दोन हात रुंद दगडी भिंती, आत मातीचा भराव, वर लाकडी तुळया, त्यावर फळकुटं, मग तुराट्या आणि लिंबाचा पाला, आणि त्यावर पांढरी माती. मृग यायच्या आधी सगळं घर वर चढायचं. आजोबा पांढरीतनं गाडीभर माती आणायचे, आम्ही पोरं तुडवायचो, आजी लाकडी थापटण्याने बडवायची. मधोमध उजेडाला साणं होतं, त्यातनं दुपारी उन्हाचा एक गोल जमिनीवर पडायचा आणि तो कुठवर सरकला यावरून आजी चहा टाकायची. मे महिन्यात आत शिरलं की माठात शिरल्यासारखं. ते घर कुणी इंजिनिअरने बांधलं नव्हतं. पणजोबा-पणजीने आणि भावकीने बांधलं.

तुम्ही सिमेंटच्या मागे का लागताय? जागा आहे, हौस आहे, माळवद बांधा की.

---

रेल्वेलाईन्स

भीमाकाठ, लिहिलंय सुंदर, पण मला गप्प बसवत नाही.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा बारावीत. आदल्या दिवशी विसर्जन झालं होतं, मिरवणुकीतनं येऊन सगळे मेल्यासारखे झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला खाट हलली. सोलापुरात आम्ही रस्त्यावर आलो, भांडी पडली, तेवढ्यावर निभावलं. किल्लारीकडे हजारो माणसं गेली. तीन दिवसांनी आमच्या कॉलेजची गाडी कपडे आणि पिठाची पोती घेऊन गेली, त्यात मी होतो. तुम्ही वर्णन केलंय तसलीच घरं होती ती. रुंद दगडी भिंती, बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधे माती आणि कपच्या. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठे नाहीच. हादरा बसला आणि भिंत मधोमध फाटली. आणि ते माळवद! दरवर्षी जुनी माती न काढता वर नवा थर टाकायचा, पिढ्यान् पिढ्या. दोन-दोन फूट मातीचं छप्पर झोपलेल्या माणसावर आलं. खांबावर पेललेली घरं, ज्यांच्या भिंती पडल्या पण छप्पर राहिलं, ती माणसं वाचलेली बघितली मी.

उन्हाचा गोल मलाही आवडतो. पण माझ्या पोरांना त्याखाली झोपवणार नाही.

---

भीमाकाठ

रेल्वेलाईन्स, मान्य. आमच्या घराचं माळवद त्याच साली उतरवलं आणि पत्रे टाकले. आजी म्हणाली, आता भट्टीत राहायचं. तीही खोटं बोलत नव्हती.

---

सिव्हिलकाका

रेल्वेलाईन्स यांनी जे पाहिलं ते पुन्हा होऊ नये म्हणूनच लाल पेनाचा तो गोल आहे. सुटी सुटी भिंत पडते, बांधलेली उभी राहते. म्हणून प्लिंथला पट्टा, दारं-खिडक्यांच्या डोक्यावर घरभर फिरणारा लिंटेलचा पट्टा आणि कोपऱ्यात उभी सळई. गाठोडं बांधल्यासारखं. लिंटेल फक्त खिडकीपुरतं तोडू नका, सगळीकडे फिरवा. खर्च फार नाही. आणि दगड आवडतच असेल तर दगडानेही चांगलं घर होतं, दर दोन-अडीच फुटांवर आरपार दगड घाला, बस.

गारव्याचं म्हणाल तर स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दरवर्षी द्या. आणि पश्चिमेला झोपायची खोली नको. तिथे जिना, न्हाणी, कपाटं असलं काहीतरी टाका.

---

वास्तुमित्र

पश्चिमेला न्हाणी चालेल, पण स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं. नैऋत्येला...

---

कडक_भाकरी

आलं वास्तू! घड्याळ लावून बसलो होतो. ताई, आपल्या गावाची वास्तू एकच: वारा कुठून येतो आणि टँकर कुठून येतो.

---

शेंगाचटणी

माझा मुद्दा वेगळाच आहे. एवढ्या प्रतिसादांत त्या मिस्त्रीच्या हसण्याबद्दल कुणीच बोललं नाही.

आमच्या गल्लीत इमारत चाललीय. रोज सकाळी सहा बाया येतात. वाळू चाळतात, माल कालवतात, तीन मजले घमेली वाहतात, दुपारी परांचीच्या सावलीत पोराला पाजतात. वीस वर्षं हे काम करणारी एक मावशी आहे. तिला विचारलं, थापी धरली का कधी? म्हणाली, "धरली की, गवंडी जेवायला गेला की. भिंत तीच राहती, पगार त्याला मिळतो." बाईला बिगारीच म्हणायचं आणि हजेरी बाप्या बिगाऱ्यापेक्षाही कमी द्यायची. जड ते बाईच्या डोक्यावर, आणि हलकं, मानाचं, जास्त पैशाचं काम गड्याच्या हातात. हे कुठल्या शास्त्रात बसतं?

दोरीओळंबा, तुम्ही थापी सोडू नका. आणि तुमच्या नवऱ्याला माझा नमस्कार सांगा, घमेलं उचलतोय म्हणून.

---

चादरवाला

घमेलं उचलण्याबद्दल नमस्कार? मग आमच्या वडार वस्तीतल्या सगळ्या गड्यांना रोज साष्टांग घाला. तिथे नवरा-बायको मिळून दगड फोडतात, मिळून बांधतात, कित्येक पिढ्या. आम्ही शिकलेल्यांनी केलं की धागा निघतो.

---

शेंगाचटणी

हे मात्र बरोबर बोललात. घेतला मुद्दा.

---

निवृत्त_ग्रामसेवक

चादरवाला यांच्या मुद्द्यात भर. घरकुलाच्या योजनेत ग्रामीण भागात ठेकेदार नेमताच येत नाही, लाभार्थ्यानेच बांधायचं असतं. सपाटीच्या भागात मूळ १ लाख २० हजारांचं अनुदान आणि वर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, ती त्यांच्याच कामाची. अक्कलकोट तालुक्यात माझ्या कारकिर्दीत कित्येक जोडपी बघितली, दिवसा दुसऱ्याच्या रानात आणि चांदण्यात स्वतःच्या भिंतीवर. एका घराची खिडकी राहूनच गेली होती. विचारलं तर म्हणाला, "साहेब, अंधारात ध्यान राहिलं नाही." मग आम्ही उभं राहून छिन्नीने खिडकी पाडली. त्यामुळे ताई, जमेल का हा प्रश्नच नाही. दिवसा बांधा एवढंच सांगतो.

---

परदेशी_सोलापुरी

इथे लोक दुकानातून आख्खं घर खोक्यात आणतात आणि वीकेंडला जोडतात. पण त्यांच्या पायाखाली आपली काळी माती नाही आणि डोक्यावर आपलं ऊनही नाही. विजापूर रोडचं ते ऊन आठवून इथल्या थंडीत बरं वाटलं. फोटो टाका.

---

सिव्हिलकाका

स्लॅबचं राहिलं होतं.

स्लॅब करू नका. म्हणजे तुम्ही दोघांनी करू नका. हिशोब मांडतो. २० बाय ३० म्हणजे ६०० चौरस फूट, जाडी पाच इंच, म्हणजे २५० घनफूट, सात घनमीटर काँक्रीट. त्याचं वजन सतरा-अठरा टन. एका घमेल्यात पंधरा-सोळा किलो धरलं तर अकराशेच्या आसपास घमेली दहा फूट वर जायची. सिमेंटची छप्पन-सत्तावन्न पोती. आणि हे सगळं एका दमात. अर्धा स्लॅब आज, अर्धा पुढच्या रविवारी असं केलंत की मधल्या सांध्यातून पाणी आलंच म्हणून समजा, आणि तो दोष पुन्हा निघत नाही. भिंत चुकली तर पाडता येते. स्लॅब पाडता येत नाही.

तिथे टोळी बोलवा. सेंट्रिंगवाला, सळईवाला, मिक्सर, वीस माणसं. तुम्ही त्या दिवशी दोनच कामं करा. एकाने मिक्सरपाशी उभं राहून पाणी जास्त घालू द्यायचं नाही. माल सरसर ओतला जावा म्हणून ते पाणी वाढवतात आणि ताकद तिथेच जाते. दुसऱ्याने व्हायब्रेटरच्या मागे फिरायचं.

आणि नंतरचं पाणी तुम्हीच मारा. हेच काम घरच्या माणसाचं. ठेकेदाराचा माणूस सकाळी पाइप फिरवून जातो आणि अकरा वाजता स्लॅब कोरडा ठणठणीत. मातीचे वाफे बांधा, दोन इंच पाणी साठवा, किमान दहा दिवस, जमलं तर चौदा. टेकूंना चौदा दिवस हात लावू देऊ नका. सेंट्रिंगवाला सातव्या दिवशीच फळ्या मागायला येईल, त्याला चहा पाजून परत पाठवा.

---

मंगळवारपेठ

दोन इंच पाणी साठवा म्हणे! काका, आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. उजनी धरण भरलेलं असतं आणि आमचे पिंप रिकामे. स्लॅब पिणार की माणसं पिणार?

---

दोरीओळंबा

आम्ही हद्दीबाहेर, आमच्याकडे तेही नाही. बोअर आहे पण पाणी मचूळ. चहा फाटतो.

---

सिव्हिलकाका

चहा फाटतो ते पाणी सिमेंटमध्ये घालू नका. साधा नियम आहे, जे पिता येतं तेच मालात. खारं पाणी सळईला गंज लावतं आणि भिंतीवर पांढरा लोणा फुटतो. मालाला आणि स्लॅबला टँकर आणा. पाणी वाचवायचं तर भिंतींना ओलं बारदान गुंडाळा, दिवसातून चार-पाच वेळा शिंपडलं तरी पुरतं, आणि सिमेंटची रिकामी पोती फेकू नका.

---

कडक_भाकरी

सिद्धरामेश्वरांनी गावासाठी तळं खोदवलं, आपण आठशे वर्षांनी टँकरची वाट बघतोय. असो. विषयांतराबद्दल क्षमस्व, व्यवस्थापनाने डोळे वटारण्याआधी पळतो.

---

दोरीओळंबा (१४ मार्च)

सगळ्यांना एक बातमी. फ्लाय ॲशच्या विटा घेतल्या. रोज पहाटे साडेपाच ते आठ आणि आख्खा रविवार. आम्ही दोघं दिवसाला अडीचशेच्या पुढे जात नाही. पहिले दहा थर झाले.

मला थापी कशी जमली असं दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं. काही जादू नाही. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात माग चालवायचे. लहानपणी शाळेतनं आलं की कांड्या भरायच्या, आणि ते मला मागापाशी उभं करून विचारायचे, कुठला धागा ढिला पडलाय सांग. ताणलेल्या दोरीकडे बघायची सवय डोळ्याला तेव्हाची. वीट ठेवली की दोरीला केसभर कमी, टेकवायची नाही. टेकवली की दोरी ढकलली जाते, पुढची वीट त्या ढकललेल्या दोरीला जुळते आणि थर पोट काढतो. हे मला कुणी शिकवलं नाही, तिसऱ्या भिंतीने शिकवलं.

---

कडक_भाकरी

मागावरचा बीम सोडून घराच्या बीमवर! ताई, टाळ्या.

---

दोरीओळंबा (२९ मार्च)

टाळ्या परत घ्या. काल ईशान्येचा कोपरा पाडला.

झालं असं. ओळंबा मी भिंतीच्या एकाच अंगाने धरत होते. कोपऱ्याला दोन अंगं असतात हे माझ्या लक्षात असायला हवं होतं. सहाव्या थरापासून दुसरं अंग बाहेर झुकत गेलं, बाराव्या थराला पाऊण इंच. नवऱ्याच्या आधी ते दूधवाल्याला दिसलं. गाडी थांबवून म्हणाला, "मॅडम, ही भिंत माझ्याकडं बघालीय." दुपारभर आम्ही दोघं भांडलो. तो म्हणाला गिलाव्यात झाकून जाईल. मी म्हणाले वरती स्लॅब येणार आहे. मग जेवलो, आणि सात थर उतरवले. पहार लावायची फार गरज पडली नाही, वरच्या थरांचा माल अजून हिरवा होता. विटा घासून परत रचून ठेवल्यात.

हात इतके उकललेत की बँकेचं मशीन अंगठा घेत नाही. हातमोजे घाला, ही सूचना कुणीच केली नव्हती!

---

शेंगाचटणी

खोबरेल तेल आणि मेण गरम करून रात्री लावा. आणि मोजे रबराचे, सुती नकोत, सुती मोजे सिमेंट पिऊन धरून ठेवतात.

---

चादरवाला

सात थर उतरवले हे वाचून बरं वाटलं. माझ्या मेव्हण्याने झाकलं असतं.

---

सिव्हिलकाका

कोपरे आधी घ्यायचे. चारही कोपरे तीन-चार थर वर, दोन्ही अंगांना ओळंबा, मग त्या कोपऱ्यांमध्ये दोरी ताणून मधलं भरायचं. आणि काटकोन तपासायला गुण्या लहान पडतो. एका भिंतीवर सहा फुटांवर खूण, दुसरीवर आठ फुटांवर, तिरकं अंतर बरोबर दहा फूट आलं पाहिजे.

---

दोरीओळंबा

काका, दहा फूट एक इंच येतंय.

---

सिव्हिलकाका

टेप ढिला धरलाय. दोघांनी मिळून ताणा.

---

दोरीओळंबा

ताणला. तरी अर्धा इंच जास्त.

---

सिव्हिलकाका

तुमचं पहिलं घर आहे. अर्धा इंच कपाटामागे जाईल. पुढच्या थरांत वाढू देऊ नका.

---

दोरीओळंबा (२३ नोव्हेंबर)

धागा वर काढतेय. पावसाळ्यात लिंटेलपर्यंत थांबलो होतो, भिंतींच्या डोक्यावर शहाबादीचे तुकडे ठेवून. दिवाळीनंतर वरचे थर पुरे केले आणि मागच्या रविवारी स्लॅब ओतला. काकांचं ऐकून टोळी बोलावली. त्यातला मिस्त्री तोच, ठसका लागलेला. सेंट्रिंगच्या आधी दोरी घेऊन भिंती फिरून बघितल्या त्याने, काही बोलला नाही. ईशान्येच्या कोपऱ्यात जरा जास्त वेळ उभा राहिला, आणि मला विचारलं, "हा कोपरा दुसऱ्यांदा बांधलाय का?" म्हटलं हो. "कळतंय," एवढंच म्हणाला. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते अजून आमच्या घरात ठरायचंय.

मिक्सरपाशी मी होते. दोनदा पाण्याची बादली काढून घेतली, तिसऱ्यांदा मिक्सरवाल्याने स्वतःच माझ्याकडे बघून विचारलं. सकाळी सातला सुरू, संध्याकाळी सव्वापाचला संपलं. नवऱ्याने घमेली मोजायचं ठरवलं होतं, दोनशेला चुकला.

आता वाफ्यात पाणी आहे. चिमण्या अंघोळ करतायत. काल सेंट्रिंगवाला फळ्या मागायला आला, सातवा दिवस! चहा पाजून परत पाठवला.

---

रेल्वेलाईन्स

फोटो बघितला. लिंटेलचा पट्टा घरभर फिरलाय ते पहिल्यांदा बघितलं. छान.

---

भीमाकाठ

साणं ठेवलंत का हो कुठे?

---

दोरीओळंबा

जिन्यावर दोन फुटांची काच बसवणार आहोत. उन्हाचा गोल नाही, चौकोन पडेल. चालेल का?

---

भीमाकाठ

धावेल. चहाची वेळ कळली म्हणजे झालं.

---

दोरीओळंबा

आता पुढचा प्रश्न. आतला गिलावा मी स्वतः करायचा म्हणतेय. फ्लाय ॲशच्या विटेवर माल धरत नाही, घसरतो असं ऐकलं. सांधे खरवडून घ्यायचे की आधी सिमेंटचं पातळ शिंपण मारायचं? आणि छताचा गिलावा डोक्यावर हात करून...

---

कडक_भाकरी

ताई, छताचा गिलावा! मेव्हणा गेला, मिस्त्री गेला, आता तुम्ही आम्हा सगळ्यांनाच खाली घालणार.

---

व्यवस्थापन

गिलाव्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.